सिस्टरांचा हीटर

आमच्या गल्लीत गायकवाड सिस्टरांना कमल म्हणून हाक मारणारा माणूस एकच होता, त्यांचे पती. बाकी सगळ्यांच्या त्या सिस्टर. भाजीवाला, पेपरवाला, कोपऱ्यावरचे निवृत्त तलाठी, माझ्या सासूबाई, सगळे सिस्टरच म्हणायचे. सासूबाईंना तर ते त्यांचं आडनावच वाटायचं. माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांनी मला पत्रिकेवर ‘श्री. व सौ. सिस्टर’ असं लिहायला सांगितलं होतं.

सरकारी दवाखान्यात त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. अंगानं ठेंगण्या, सावळ्या, केस घट्ट मागं बांधलेले. पायांत आवाज न करणाऱ्या चपला, त्यामुळं त्या दारात येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. उभं राहायची त्यांची एक तऱ्हा होती. दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढं धरायच्या, कशालाच न लावता. आयुष्यभर हातमोजे घालून डॉक्टरांशेजारी उभं राहिल्यामुळं अंगात मुरलेलं ते. लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाड्याशी, बुद्धपौर्णिमेला विहारात, सगळीकडं त्या तशाच उभ्या. आणि मोजायची सवय. आमच्याकडं जेवायला आल्या की निघण्याआधी ताटांतले चमचे मोजल्याशिवाय त्यांच्यानं उठवायचं नाही. एकदा मी हसले तर म्हणाल्या की थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी सगळं मोजावं लागतं, एक बोळा जरी कमी भरला तरी टाका घालायचा नाही.

गल्लीत कुणालाही इंजेक्शन घ्यायचं असलं की तो सिस्टरांकडं. माझे मिस्टर सुईला लई भितात. पहिल्यांदा त्यांना घेऊन गेले तेव्हा सिस्टरांनी विचारलं, “काल भाजी कसली केली होती घरी?” हे आठवायला लागले. दोडका की भोपळा यावर अडले, तोवर सिस्टर कापूस दाबून उभ्या. पुढं ती युक्ती सगळ्यांना ठाऊक झाली, तरी दर वेळी माणूस भाजी आठवायला लागायचाच.

त्यांचं एक पालुपद होतं, “उघडल्याबिगर कळत नाय.” पैठणच्या बाजूच्या खेड्यातल्या त्या. इतकी वर्षं शहरात काढली तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं. कुणाचं पोट दुखो, कुणाचा मिक्सर बंद पडो, कुणाची सून अबोल असो, सिस्टरांचं उत्तर तेच. मिक्सर तर त्या खरंच उघडून बसायच्या.

गायकवाडसाहेब चितेगावच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. उंच, शांत, मिश्कील माणूस. त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली होती, आणि ती दर रविवारी पुसायचे. ते चालवायचे तेव्हा सिस्टर शेजारी बसायच्या आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला पाय दाबायच्या. मग साहेबांच्या साखरेनं मूत्रपिंडं खाल्ली. कारखाना सुटला, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटेची पहिली पाळी. रिक्षा कधी मिळायची, कधी नाही. सिस्टरांनी पन्नाशीत गाडी शिकायची ठरवली.

शिकायला त्यांनी जालना रोडवरची, शहराबाहेरची शेंद्र्याची बाजू निवडली. तेव्हा तिथं रस्ते आधी झाले होते आणि कारखाने यायचे होते. चारपदरी डांबरी रस्ता, मध्ये दुभाजक, दिव्यांचे खांब, आणि त्यावर कुणाच्या तरी शेळ्या. साहेब शेजारी, मी मागं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. एकदा उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आमच्या बाजूनं पुढं गेला, तेव्हा साहेबांनी त्याला हात केला आणि म्हणाले, “पाव्हणं, पुढं जाऊन सांगा, आम्ही निघालोय म्हणून.” सिस्टर हसल्या नाहीत. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिल्या. पावसाळा संपेपर्यंत त्या जालना रोडवरून गाडी नेऊ लागल्या होत्या. वेग मात्र शेंद्र्याचाच राहिला.

त्यानंतरची दोन वर्षं दुष्काळाची. जायकवाडीत गाळाच्या कडा दिसू लागल्या. शहर एकीकडं वाढतच होतं, आमच्या गल्लीत बैठी घरं पाडून तीन-तीन मजले चढत होते आणि प्रत्येक मजल्याला नवी टाकी. बोअर एकेक करून आटले. नळ आठवड्यातून एकदा आला तरी लोक त्याच्यापुढं दिवा लावायचेच बाकी राहायचे. अशा दिवसांत सिस्टर रोज दुपारी ड्यूटीला निघताना आमच्याकडं पाणी प्यायला यायच्या. स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी उभ्या राहून दोन तांबे घटाघटा प्यायच्या आणि जायच्या. मला वाटलं, यांच्याकडचं पाणी संपलंय, मागायला संकोच वाटतोय. एक दिवस मी हंडा भरून त्यांच्या दारात नेऊन ठेवला. त्यांनी तो उचलून परत आणला.

म्हणाल्या, “पाणी हाये गं सुनीता. पण ह्यांना डॉक्टरनं दिवसभरात एवढुसंच भांडं सांगितलंय. त्यांच्यासमोर कसं पिऊ?”

घरात त्या पाणी पीतच नव्हत्या. भांडं वाजलं की साहेबांचं लक्ष जायचं, म्हणून भांडीसुद्धा साहेब झोपल्यावर घासायच्या. त्या दिवसापासून मी त्यांचा तांब्या वेगळा भरून झाकून ठेवायला लागले.

त्याच वर्षी गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी सारखं कमी व्हायला लागलं. साहेब म्हणायचे, दुष्काळात सगळ्यांनाच तहान जास्त. मग समोरच्या काचेवर आतून चिकट वाफ धरायला लागली, आणि साहेबांच्या पायाखालची चटई ओली. सिस्टरांनी बोट लावून वास घेतला. गोडसर. गॅरेजवाल्या रशीदभाईंनी बघून सांगितलं की हीटरचा छोटा रेडिएटर आतून फुटलाय. त्यांनी इंजिनाकडून आत जाणाऱ्या दोन नळ्या बाहेरच एकमेकींना जोडून टाकल्या. गळती थांबली. हीटरही थांबला.

“औरंगाबाद में हीटर किसकू होना, सिस्टर?” रशीदभाई म्हणाले.

ते खरंच होतं. आमच्या शहरात गाडीचा हीटर कुणी लावत नाही. कित्येकांना तो आहे हेही माहीत नसतं. पण डायलिसिस करून आलेल्या माणसाला कसली थंडी वाजते हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. अंगातलं सगळं रक्त बाहेर फिरून आलेलं असतं. साहेब दहा-साडेदहाच्या उन्हातसुद्धा दातावर दात आपटत गाडीतून उतरायचे. पहाटे जाताना तर बोलूच नका. डिसेंबर लागला तसं सिस्टरांनी साहेबांच्या अंगावर दोन रग घातले, डोक्यावर माकडटोपी घातली. गरम पाण्याची पिशवी पायाशी दिली. साखरेमुळं त्यांच्या पायांना भाजल्याचं कळायचं नाही. घरी येऊन मोजे काढले तर तळव्याला टरारून फोड आलेला. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या जखमा बांधल्या, तिच्या हातून आपल्याच माणसाला जखम झाली. त्या संध्याकाळी त्या आमच्याकडं आल्या, पाणी प्यायल्या नाहीत, ओट्याशी नुसत्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या रशीदभाईंकडं गेल्या आणि हीटर दुरुस्त करायला सांगितला. रशीदभाईंनी समजावलं की तो छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या पार मागं असतो. स्टिअरिंग काढा, पुढची सगळी पाटी काढा, वायरी सोडवा, मग तो दिसतो. हातातली कामं बघता गाडी आठवडाभर गॅरेजला ठेवावी लागेल. आठवडाभर गाडी ठेवली तर तीनदा साहेबांना उघड्या रिक्षातून न्यावं लागलं असतं, त्याच थंडीत. मधली मोठी फट एकच होती, शनिवारी घरी आल्यापासून मंगळवारच्या पहाटेपर्यंतची. सिस्टर म्हणाल्या, मग मीच उघडते.

रशीदभाई हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. थोडा वेळ विचार करून त्यांनी स्टूल पुढं केलं आणि सांगितलं की अशीच एक गाडी वायरिंगच्या कामाला आली आहे, उद्या तिचा डॅशबोर्ड निघणार आहे, येऊन बसा. सिस्टर ड्यूटीला जायच्या आधी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून आल्या, हात छातीशी धरून. नंतर जुन्या स्पेअर पार्टच्या गल्लीत जाऊन तो छोटा रेडिएटर घेऊन आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. माझ्यापुढं त्यांनी तो उलगडला तेव्हा बाळंतिणीनं बाळ दाखवावं तसं वाटलं.

“हा बघ, एवढुसा,” त्या म्हणाल्या. “याच्यापायी सगळं पोट उघडायचं.”

शनिवारी साहेबांना जेवू घालून, उन्हात खुर्चीवर बसवून, सिस्टरांनी पोर्चमध्ये धुतलेली पांढरी चादर अंथरली. तिच्यावर पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर ओळीनं मांडले. शेजारी स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा, मोहरी-हळद काढून घासून पुसून कोरडा केलेला. एका जागचे स्क्रू एका वाटीत. वाट्या सांभाळायचं काम साहेबांचं. मला सांगितलं, बॅटरीची वायर काढताना मागं उभी राहा आणि मध्ये बोलू नको. मी तेवढंच केलं.

संध्याकाळपर्यंत स्टिअरिंग निघालं, कप्पा निघाला, रेडिओ निघाला. दिव्यांच्या आणि बटणांच्या वायरी त्या एकेक सोडवून तिला चिकटपट्टी लावायच्या आणि पट्टीवर पेनानं खूण करायच्या. पण मुख्य पाटी जागची हलेना. गल्लीतले लोक येऊन बघून गेले. तलाठीकाकांनी सांगितलं की हे बायकांचं काम नव्हे, आणि मग जरा थांबून सांगितलं की पुरुषांचंही नव्हे. सिस्टरांनी चादरीचं दुसरं टोक सगळ्यावर पांघरलं आणि स्वयंपाकाला गेल्या.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या पुढच्या काचेच्या बुडाशी बोटं फिरवत होत्या, डोळे मिटून. शीर शोधावी तशी. काचेच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक टोपी होती, रंगानं पाटीसारखीच, डोळ्यांना दिसतच नव्हती. नखानं उचकटली तर खाली स्क्रू. तशी दुसऱ्या बाजूलाही होती. ते निघाले आणि पाटी कुरकुरत सुटली. माझ्या मिस्टरांनी एक टोक धरलं, मी एक, आणि ती आम्ही खाटेवर नेऊन ठेवली.

पाटीमागचं सगळं उघडं पडलं. लोखंडी दांडा, वायरींचे भेंडोळे, कुठून कुठं जाणारे काळे नळ. गाडी अशी दिसू शकते असं वाटलं नव्हतं. सिस्टर मागं सरकल्या आणि हात छातीपुढं धरून उभ्या राहिल्या. पाना उचलायला त्या पुढं होईनात. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. साहेबांच्याही ते लक्षात आलं असावं.

ते हळूच म्हणाले, “राहू दे, कमल. आता मला असे हिवाळे तरी किती काढायचेत?”

मिस्टर दुसरीकडं बघायला लागले.  सिस्टरांनी टॉर्च उचलून साहेबांच्या हातात दिला, त्यांची खुर्ची गाडीच्या दाराशी ओढली, आणि आत शिरल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “वर धरा. अजून वर. व्हय, असा.”

साहेब ऊन उतरेपर्यंत टॉर्च धरून बसले होते. मध्येमध्ये त्यांचा हात खाली यायचा, तेव्हा ते दुसऱ्या हाताचा आधार द्यायचे. मी पकडते म्हटलं तर मानेनं नाही म्हणाले. आजारी पडल्यापासून त्यांना काम सांगणारं कुणी नव्हतं. सगळे त्यांना बसा म्हणायचे.

दिवेलागणीला तो जुना रेडिएटर बाहेर आला. जाळीवर हिरवट-पांढरा थर, आणि एका कोपऱ्यात केसाएवढी चीर. सिस्टरांनी तो साहेबांच्या मांडीवर ठेवला. साहेबांनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की याच्या जागी नवा बसतो. सिस्टरांनी तो उचलून कचऱ्यात टाकला.

शनिवारसारखी सोमवारचीही त्यांनी रजा टाकली होती. नवा रेडिएटर बसवला, रशीदभाईंनी बाहेर जोडलेल्या दोन नळ्या सोडवून त्याला लावल्या, कडेनं फोम चिकटवला, पाटी परत चढवली. चिकटपट्ट्या वाचून वायरी जोडल्या. वाट्या एकेक रिकामी होत गेली. दुपारी सगळं झालं असं वाटलं, आणि साहेबांनी डबा पुढं केला. एका वाटीत एक स्क्रू उरला होता.

मिस्टर म्हणाले की मेकॅनिकसुद्धा एखादा उरवतातच, काही बिघडत नाही. तलाठीकाकांचंही तेच मत पडलं. मलाही मनातून वाटत होतं की आता पुरे, सूर्य कलायला आलाय. सिस्टरांनी तो स्क्रू तळहातावर घेऊन पाहिला.

“मोज भरली नाय,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पहिली टोपी उचकटली.

अर्धी पाटी पुन्हा निघाली. तो स्क्रू निघाला हीटरच्या पेटीखालच्या पट्टीचा. तो नसता तर रस्त्यावर पेटी हादरत राहिली असती आणि नळ्यांचा सांधा कधीतरी सुटला असता. तो बसवून, सगळं पुन्हा चढवून, रेडिएटरमध्ये नवं पाणी भरून त्यांनी गाडी सुरू केली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. इंजिन तापू दिलं. हीटरची खुंटी लाल बाजूला फिरवली. आम्ही सगळे वाकून हात पुढं करून बसलो.

वारा गार आला. जरा वेळ थांबलो, गारच आला. सिस्टरांनी गाडी बंद केली, उतरल्या आणि पोर्चच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या बोटांची सालं गेली होती. त्या रडल्या वगैरे नाहीत. नुसत्या हातांकडं बघत होत्या. पहाटे निघायचं होतं.

तेवढ्यात रशीदभाई स्कूटरवरून आले. नमाज पढून घरी जाताना सहज वळलो म्हणाले, पण त्यांचं घर पार दुसऱ्या बाजूला होतं. त्यांनी काही हातात घेतलं नाही. दाराशी बसून विचारलं, हीटरच्या दोन्ही नळ्या गरम लागतायत का? एक गरम, एक गार, सिस्टर म्हणाल्या. रशीदभाईंनी मान हलवली.

“हवा अटकी है अंदर. काम तुम्हारा बराबर है, सिस्टर. गाडी का मुँह ऊपर करो.”

गाडी निवू दिली, मग पोर्चच्या उतारावर तोंड वर करून लावली. रेडिएटरचं टोपण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. रशीदभाई सांगत होते आणि सिस्टर जाड नळी मुठीनं दाबत होत्या, सोडत होत्या, दाबत होत्या, बेशुद्ध माणसाला फुग्यानं श्वास द्यावा तशा. रेडिएटरच्या तोंडाशी एक मोठा बुडबुडा आला. मग बारीक बारीक खूप आले. पाणी खाली गेलं, त्यांनी वरून भरलं. आतून साहेब म्हणाले, “कमल, इकडं ये.”

ते कधी पुढच्या सीटवर जाऊन बसले होते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोन्ही हात झरोक्यापुढं धरलेले. तापलेल्या धुळीचा वास सुटला होता. सिस्टर शेजारी जाऊन बसल्या, दार ओढून घेतलं, काचा वर केल्या. आम्ही बाहेर उभे होतो. बराच वेळ दोघं तशीच बसून होती. काही बोलली असतील तर आम्हाला ऐकू आलं नाही. मग साहेबांनी माकडटोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

मंगळवारी ते परत आले ते रोजच्यापेक्षा तासभर उशिरा. मी काळजीत फाटकाशी उभी. सिस्टरांनी सांगितलं की डायलिसिसहून निघाल्या निघाल्या साहेबांना झोप लागली. महिन्यात पहिल्यांदा, न कुडकुडता. घराशी येऊन गाडी थांबवली असती तर जाग आली असती, म्हणून त्या वळल्याच नाहीत. चिकलठाण्यापर्यंत गेल्या, तिथून शेंद्र्याला, रिकाम्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारून सावकाश परत. सांगताना त्यांच्या केसांतून घाम निथळत होता.

साहेबांनी तो हिवाळा काढला आणि पुढचाही. मध्ये एक चांगला पावसाळा झाला, धरण भरलं. दरवाजे उघडले तेव्हा सिस्टर त्यांना पैठणला घेऊन गेल्या. नंतरच्या मार्चमध्ये डायलिसिस सुरू असतानाच ते गेले. सिस्टर शेजारीच होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडं पाणी प्यायला आल्या. तांब्या ओठाला लावला आणि खाली ठेवला. आता घरी प्यायला हरकत नव्हती, हे त्यांना तेव्हा आठवलं असावं.

निवृत्तीनंतर त्यांनी घर भाड्यानं दिलं आणि मुकुंदवाडीला बहिणीजवळ राहायला गेल्या. येणं-जाणं कमी झालं. नाशिकला दिलेल्या त्यांच्या मुलीनं तिकडं बोलावलं होतं, पण त्या जात का नाहीत ते कळत नव्हतं.

ते कळलं एका जानेवारीत. मी शाळेत शिकवायला निघाले होते, जालना रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली. शेजारी ती पांढरी गाडी. काचा वरपर्यंत चढवलेल्या. पुढच्या सीटवर एक अनोळखी म्हातारे गृहस्थ, हातावर डायलिसिसची पट्टी, तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेले. मागं त्यांची बायको, तीही पेंगलेली. सिस्टर पदरानं गळ्याचा घाम पुसत होत्या. मी हात केला, पण त्यांचं लक्ष समोर होतं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. सिस्टरांनी सावकाश पहिला गिअर टाकला, शेजारी एकदा बघून घेतलं, आणि उजवीकडं वस्तीत वळायचा लावलेला दिवा बंद करून गाडी सरळ पुढं शेंद्र्याकडं नेली.